उलटतपासणी म्हणजे नेमकं काय? कोर्टातला अर्थ आणि रोजच्या बोलण्यातला अर्थ

'घरी यायला दहा मिनिटं उशीर झाला, तर बाबांनी उलटतपासणीच घेतली!' असं वाक्य आपण सहज बोलतो. एकामागून एक प्रश्न विचारून समोरच्याला भंडावून सोडणं, असा या शब्दाचा बोलीतला अर्थ. कोर्टातला अर्थ मात्र याहून नेमका आहे. तो माहीत नसला की खटल्याच्या बातम्या वाचताना मोठी चूक होऊ शकते.

शब्दाचा अर्थ

'उलट' म्हणजे इथे विरुद्ध बाजूने. ज्या पक्षाने साक्षीदार बोलावला, त्याच्या विरुद्ध पक्षाने त्या साक्षीदाराला प्रश्न विचारणं म्हणजे उलटतपासणी. जुन्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम १४२ मध्ये ही व्याख्या आहे.

साक्ष तीन टप्प्यांत होते

१. सरतपासणी : साक्षीदाराला बोलावणारा पक्ष प्रश्न विचारतो. 'सरन्यायाधीश'मधला 'सर' तोच इथला, म्हणजे मुख्य.

२. उलटतपासणी : आता विरुद्ध पक्षाची पाळी. सरतपासणीत जेवढं सांगितलं तेवढ्यापुरतेच प्रश्न असावेत, असं बंधन नसतं. पण प्रश्न खटल्याशी संबंधित हवेत.

३. फेरतपासणी : उलटतपासणीत निघालेल्या मुद्द्यांचा खुलासा करून घेण्यासाठी पहिला पक्ष पुन्हा प्रश्न विचारू शकतो.

सूचक प्रश्न कशाला म्हणतात?

ज्या प्रश्नातच अपेक्षित उत्तर दडलेलं असतं, तो सूचक प्रश्न. समजा, अपघाताचा खटला आहे. सरतपासणीत वकील विचारतील, 'तुम्ही काय पाहिलं?' उलटतपासणीत प्रश्न येईल, 'तुम्ही तेव्हा रस्त्याकडे पाठ करून चहा घेत होता, बरोबर?' वादग्रस्त मुद्द्यावर असा प्रश्न सरतपासणीत सहसा चालत नाही, उलटतपासणीत चालतो. कारण साधं आहे. आपल्याच साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालणं सोपं असतं. विरुद्ध बाजूचा साक्षीदार तसा सहजी मान डोलावत नाही. मात्र आपलाच साक्षीदार फितूर झाला, तर न्यायालयाच्या परवानगीने त्यालाही असे प्रश्न विचारता येतात.

उलटतपासणी कशासाठी?

साक्षीदार खोटंच बोलतो असं गृहीत धरून ती घेतली जात नाही. प्रामाणिक माणसाचीही पाहण्यात, ऐकण्यात किंवा आठवण्यात गफलत होते. अंतर किती होतं, उजेड होता का, पोलिसांना दिलेल्या जबाबात ही गोष्ट का आली नाही, आरोपीशी जुना वाद होता का, हे सगळं इथे तपासलं जातं. उलटतपासणीची संधीच न देता कुणाच्या साक्षीवर आरोपीला दोषी धरणं न्याय्य ठरत नाही. उलट, संधी मिळूनही एखाद्या मुद्द्यावर साक्षीदाराला आव्हान दिलं नाही, तर तो मुद्दा मान्य आहे असं सर्वसाधारणपणे समजलं जातं.

बातम्या वाचताना हे लक्षात ठेवा

वकिलाचा प्रश्न हा पुरावा नसतो; साक्षीदाराचं उत्तर हा पुरावा असतो. वकील आपल्या पक्षाची बाजू साक्षीदारापुढे ठेवतात आणि साक्षीदार ती नाकारतो. मग नोंद होते : 'मी पैशासाठी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.' याचा अर्थ पैसे घेतल्याचा आरोप झाला आणि तो नाकारला गेला, इतकाच. पण 'साक्षीदाराने पैसे घेतले!' अशी पोस्ट फिरू लागली, की न सिद्ध झालेली गोष्ट हजारो लोकांच्या मनात खरी होऊन बसते. ज्याच्यावर हा शिक्का बसतो, तो माणूस आपल्यासारखाच कोर्टात जे पाहिलं ते सांगायला गेलेला असू शकतो.

दुसरी नेहमीची गल्लत म्हणजे 'पोलिसांनी संशयिताची उलटतपासणी केली.' पोलीस चौकशी करतात, जबाब नोंदवतात. उलटतपासणी होते ती शपथेवर दिलेल्या साक्षीची.

वाटेल ते विचारता येतं का?

नाही. अपमान करण्यासाठी किंवा त्रास देण्यासाठी विचारलेले प्रश्न न्यायालयाने रोखायचे असतात. बलात्काराच्या खटल्यात संमतीचा मुद्दा असला, तरी पीडितेचं चारित्र्य किंवा पूर्वीचे लैंगिक संबंध यांवर प्रश्न विचारता येत नाहीत. पॉक्सो कायद्याच्या खटल्यात तर वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत. ते न्यायाधीशांकडे देतात आणि न्यायाधीश मुलाला विचारतात.

ही मर्यादा सुटली की काय होतं, हे विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात दिसतं. गंमत म्हणून मांडलेला अभिरूप खटला पाहता पाहता लीला बेणारेच्या खासगी आयुष्याच्या चिरफाडीवर उतरतो.

साक्षीला जावं लागलं तर?

प्रश्न पूर्ण ऐकावा. कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगावं. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणावं. अंदाजाने उत्तर देऊ नये. वकिलाचा आवाज चढला म्हणून आपला चढवू नये.

घरातल्या 'उलटतपासणी'त आणि कोर्टातल्या उलटतपासणीत मुख्य फरक आहे तो हाच : घरी प्रश्न विचारणाराच न्यायाधीश असतो, कोर्टात विचारणारा वेगळा आणि निकाल देणारा वेगळा.