उसनवारीचा हिशोब

मंडळी, २०१६ चा नाताळ पीएचपीवाल्यांच्या चांगलाच लक्षात असेल. अर्धं ऑफिस सुट्टीवर, आणि 'पीएचपीमेलर' या ईमेल पाठवणाऱ्या लायब्ररीत भलंमोठं भगदाड सापडलं. एखाद्या साध्या संपर्क फॉर्ममधूनही परक्या माणसाला सर्व्हरवर आपला कोड चालवता येण्याची शक्यता होती. ५.२.१८ मध्ये दुरुस्ती आली, ती अपुरी निघाली, म्हणून लगोलग ५.२.२० आली.

मी तेव्हा एका ड्रुपल साइटची कस्टम मॉड्यूल्स सांभाळत होतो. म्हटलं, आवृत्ती बदलली की झालं. शोधलं तर पीएचपीमेलरच्या तीन प्रती, तीन फोल्डरांत, तीन वेगवेगळ्या आवृत्त्या! एकीत कुणीतरी दोन ओळी बदललेल्या. का बदलल्या, हे ज्याला ठाऊक तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला.

हे असं का झालं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

ड्रुपल आलं २००१ साली. पीएचपीच्या लायब्रऱ्यांसाठी तेव्हा 'पेअर' होतं, पण ते सहसा अख्ख्या सर्व्हरसाठी बसवायचं. शेअर्ड होस्टिंगवर आपल्याला कोण हात लावू देणार? मग सोपा मार्ग: झिप उतरवा, मॉड्यूलमध्ये टाका, विसरून जा. दोन मॉड्यूल्सनी एकच लायब्ररी आपापली आणली, तर एकाच नावाचा क्लास दोनदा आला म्हणून साइट आडवी.

ड्रुपलच्या मंडळींनी नियम केला, की दुसऱ्याची लायब्ररी आमच्या रिपॉझिटरीत नको. 'लायब्ररीज एपीआय' या मॉड्यूलमुळे 'साइट्स/ऑल/लायब्ररीज' ही सामायिक जागा रूढ झाली. एक प्रत, सगळ्यांसाठी. पण ती आणायची मात्र माणसानेच, हाताने.

२०१२ मध्ये निल्स आडरमान आणि जॉर्डी बोगियानो यांनी 'कंपोझर' आणला. कंपोझर.जेसनमध्ये काय हवं ते लिहायचं. नेमकं काय आलं, लायब्ररीच्या लायब्ररीसकट, त्याची नोंद कंपोझर.लॉकमध्ये. दोन मॉड्यूल्सना न जुळणाऱ्या आवृत्त्या हव्या असतील तर भांडण बसवतानाच कळतं, साइट चालू असताना नाही. २०१५ च्या ड्रुपल ८ ने सिम्फनीचे भाग घेतले आणि कंपोझर थेट ड्रुपलच्या घरात आला.

गोम अशी, की कस्टम मॉड्यूलच्या फोल्डरात स्वतंत्र कंपोझर.जेसन ठेवलं तरी कंपोझर ते आपणहून वाचत नाही. ती लायब्ररी मूळ प्रोजेक्टच्या फाइलीत लिहा, नाहीतर ते मॉड्यूल 'पाथ' रिपॉझिटरी म्हणून जोडून तिथूनच मागवा. आम्ही हे न कळल्यामुळे एक आख्खा शनिवार घालवलाय!

२०२२ च्या कंपोझर २.४ मध्ये 'ऑडिट' ही कमांड आली. कोणत्या लायब्ररीत ज्ञात भगदाड आहे, हे ती काही सेकंदांत सांगते. त्या नाताळात हे हाताशी असतं तर आमच्या तीन प्रती सापडल्या असत्या का? नाही! त्या कुठल्याच यादीत नव्हत्या. ऑडिट फक्त लिहून ठेवलेली उसनवारी तपासतं.

म्हणून सोमवारी ऑफिसात गेलात की आपल्या कस्टम मॉड्यूल्समध्ये एकदा डोकावा. कुणीतरी चिकटवून ठेवलेली लायब्ररी सापडली तर आधी यादीत घ्या. अपग्रेडचं मग बघू.