पेव, काळी ज्वारी आणि तापवलेली हवा

धाराशिव जिल्ह्याचे जुने मुख्य पीक म्हणजे रब्बी ज्वारी. ती माघ-फाल्गुनात निघे. तेव्हाची हवा इतकी कोरडी, की कणसे खळ्यावरच वाळत आणि धान्य पेवात जाई. वाळवणीला यंत्र लागत नसे.

१९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. उत्पन्न भरघोस, पण खरिपातले हे लवकर तयार होणारे पीक परतीच्या पावसात सापडू लागले. ओल्या कणसांवर बुरशी चढे, ज्वारी काळी पडे, भाव उतरे. पुढे सोयाबीनची काढणीही त्याच दिवसांत आली. ऋतूची मदत सुटली, म्हणून ड्रायरची गरज भासली.

त्यामागचे तत्त्व सोपे आहे. ३० अंश सेल्सिअसची बाष्पसंपृक्त हवा ४० अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ५७ टक्क्यांवर येते. बाष्प तेवढेच राहते. ते सामावण्याची क्षमता वाढते. पंख्याने अशी हवा धान्यातून खेळवली, की फाल्गुनाचे काम ऑक्टोबरात होते. बियाणे मात्र फार तापवू नये, अंकुर मरतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या हंगामाच्या हमीभाव खरेदीसाठी सोयाबीनमधील ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली. सवलतीने माल विकला जातो; दाण्यातले पाणी मात्र कोणाला तरी काढावेच लागते.