सेनापतीचे शिक्षण : मावळातून एक ओळख

कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे वळले की आंदर मावळ सुरू होतो. आंद्रा नदीचे हे खोरे सह्याद्रीच्या कड्यापर्यंत जाते आणि तिथून कुसूर घाटाची जुनी वाट कोकणात उतरते. ठोकळवाडीच्या धरणाने खोऱ्याचे रूप बदलले, पण डोंगरांच्या रांगा आणि घाटांची तोंडे होती तिथेच आहेत. खोऱ्याच्या दक्षिणेला इंद्रायणीच्या काठाकाठाने मुंबई-पुण्याचा जुना रस्ता जातो. त्याच रस्त्यावर कार्ले, वडगाव आणि तळेगाव आहेत. एका टोकाला लोणावळ्यात नौदलाच्या अभियंत्यांना घडवणारी आयएनएस शिवाजी १९४५ पासून उभी आहे, दुसऱ्या टोकाला देहूरोडची छावणी आहे. आणखी पुढे गेले की दापोडीचे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी लागते. भारतीय सैन्याचा अधिकारी जिथे घडतो अशा इतक्या जागा एवढ्या टापूत क्वचितच सापडतील.

तरीही हा अधिकारी शिकतो काय, त्याला विचार करायला कोण शिकवते आणि विचार केलाच तर तो कोण ऐकून घेते, हे प्रश्न आपल्याकडे फारसे विचारले जात नाहीत. लढायांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. शौर्याचे पोवाडे आहेत, बखरी आहेत, कादंबऱ्यांना तर तोटा नाही. त्या मानाने लढाईमागच्या बुद्धीचा अभ्यास फार थोडा झाला. हे लिखाण त्या अभ्यासाची ओळख करून देण्यासाठी आहे. त्यासाठी वाचक लष्करातले असण्याची गरज नाही. ज्यांच्या घरातले कोणी सैन्यात आहे त्यांना हा विषय जवळचा वाटेलच, पण ज्यांच्या करातून सैन्य पोसले जाते त्यांचाही त्यावर तितकाच हक्क आहे.

सुरुवात वडगावपासून करावी असे मी सुचवेन. नोव्हेंबर १७७८ मध्ये रघुनाथरावाला पेशव्यांच्या गादीवर बसवण्याच्या इराद्याने ईस्ट इंडिया कंपनीची मुंबईची फौज निघाली. लढणारी माणसे चार हजारांच्या आतबाहेर आणि ओझ्याचे बैल एकोणीस हजारांवर. एवढ्या एका आकड्यावरूनही मोहिमेची प्रकृती कळते. हुकूम चालवायला एक सेनापती नव्हता, समिती होती : जॉन कार्नॅक, कर्नल चार्ल्स एजर्टन आणि थॉमस मोस्टिन. कार्नॅकचे नाव बंगालच्या लढायांत झाले होते. एजर्टनला इथल्या युद्धाची सवय नव्हती आणि प्रकृतीही साथ देत नव्हती. पुणे दरबाराची खरी माहिती होती ती मोस्टिनला, पण तो आजारी पडून मुंबईला परतला आणि १ जानेवारी १७७९ रोजी वारला. म्हणजे ज्याला प्रदेश आणि माणसे ठाऊक होती तो गेला आणि ज्यांना दुसऱ्याच मुलखातले युद्ध ठाऊक होते ते उरले.

बोरघाट चढून वर आल्यावर या फौजेला कार्ल्यापर्यंतचे आठ मैल काटायला अकरा दिवस लागले. फौजेचे दोन भाग केलेले होते. एकाने थोडे पुढे सरकायचे, मग दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची, अशी पाठातली सावध चाल होती. समोर महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांचे घोडदळ होते. ते समोरासमोर भिडत नव्हते. बाजूने लचके तोडत होते, गवत जाळत होते, कोकणाकडची रसद अडवत होते. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट पडला. मराठ्यांनी त्याच्या धाडसाची कदर करून त्याला ‘इष्टूर फाकडा’ म्हटले आणि ते नाव मावळात अजून जिवंत आहे. ९ तारखेला फौज तळेगावला पोचली, तर गाव जाळून मोकळे केलेले. पुढे पुणे अवघ्या अठरा-वीस मैलांवर होते.

वाचकांनी इथे थोडे थांबावे. फौजेजवळ अजून काही आठवड्यांचा शिधा होता. कॅप्टन जेम्स हार्टलीसारखे धाकटे अधिकारी माघारीच्या विरोधात होते. ते शिपायांत वावरणारे, आणि माघार सुरू झाली की शिपायांचे मन कसे खचते हे ओळखणारे होते. पण ११ जानेवारीच्या रात्री मोठ्या तोफा तळ्यात ढकलून आणि सामान जाळून फौज मागे वळली. मराठ्यांना ते लगेच कळले. मध्यरात्र उलटल्यावर हल्ले सुरू झाले. पिछाडी सांभाळली ती हार्टलीनेच. वडगावला पोचेपर्यंत फौज पार मोडली होती आणि १६ जानेवारीला वडगावचा तह झाला. पुढे कंपनीने कार्नॅक, एजर्टन आणि शेवटी सूत्रे हाती घेतलेला कॉकबर्न या तिघांनाही नोकरीतून काढले.

या पराभवाचे खापर भित्रेपणावर फोडणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. माणसे शूर होती, स्ट्युअर्ट आणि हार्टली त्याचे पुरावे आहेत. उणीव होती ती विचाराच्या व्यवस्थेत. भूप्रदेश आणि शत्रू समजून घेण्याची सवय वरच्या अधिकाऱ्यांना कोणी लावलेली नव्हती आणि खालच्या अधिकाऱ्याचे शहाणे मत वरपर्यंत पोचून निर्णय बदलेल अशी वाटही नव्हती. या विषयातले माझे मुख्य म्हणणे हेच आहे. सैन्यात बुद्धिमान माणसे असणे पुरत नाही. त्यांच्या बुद्धीला शिस्तीत राहून प्रश्न विचारता यावेत असे शिक्षण आणि असे वातावरण लागते. हार्टली डिसेंबर १७८० मध्ये वज्रेश्वरीजवळ दुगाडला पुन्हा मराठ्यांसमोर उभा राहिला आणि या वेळी जिंकला. त्या लढाईत रामचंद्र गणेश पडले. एक माणूस शिकला होता. संस्था मात्र इतक्या लवकर शिकत नाही : १७८१ मध्ये कंपनीचा जनरल गोडार्ड पुन्हा बोरघाटाच्या माथ्यापर्यंत आला आणि मोठे नुकसान सोसून मागे फिरला.

मावळच्या भूमीने असा धडा त्याआधीही दिला होता. फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन लोणावळ्याच्या बाजूने कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरला आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला कोंडले. वाट निवडताना खानाने शत्रूला ही भूमी किती पाठ आहे याचा हिशेब केला नव्हता. उंबरखिंड आणि वडगाव यांमध्ये ११८ वर्षे आहेत आणि दोन्ही जागा एका दिवसात पाहून होतात.

आता जिंकणाऱ्या बाजूकडे वळू, कारण अभिमानाच्या जागीच प्रश्न विचारणे कठीण असते आणि तिथेच ते विचारले पाहिजेत. वडगावला मराठी सरदारांनी दाखवलेली एकजूट आणि संयम थोर होता. ती विद्या त्यांनी मोहिमांमध्ये, बापाच्या आणि काकाच्या घोड्यामागे राहून मिळवली होती. तोफखाना पानशांच्या घराण्यात चालत आला, तशीच बाकीची कसबेही घराण्याघराण्यांत राहिली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्ग आणि आरमार यांवरची प्रकरणे वाचली की विचार लिहून ठेवण्याची परंपरा आपल्याकडे होती हे पटते. पण अठराव्या शतकात त्या परंपरेचे रूपांतर अधिकारी घडवणाऱ्या शाळेत झाले नाही.

महादजींनी १७८४ मध्ये द बॉइन या युरोपीय सेनानीला नोकरीत घेतले आणि उत्तम कवायती पलटणी उभ्या केल्या. त्या पलटणींना हुकूम देणारे वरचे अधिकारी मात्र बहुतांशी युरोपीय राहिले. १८०३ च्या युद्धात कंपनीने आपल्या प्रजाजनांना शिंद्यांची नोकरी सोडण्याचे आवाहन केले, बदल्यात पैशाचे आश्वासन दिले आणि ऐन वेळी अधिकारी निघून गेले. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या रणात शिंद्यांचे पायदळ पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली लढले, तोफखान्याने तर शर्थ केली. शिपाई, गोलंदाज, तोफा ओतणारे कारागीर हे सगळे आपले होते. जे विकत घेतले होते ते वरचे शिक्षण होते आणि विकत घेतलेले असल्यामुळेच ते निघून जाऊ शकले. मराठी सत्तेच्या शेवटाची जी अनेक कारणे सांगितली जातात त्यांत या कारणाला मी बरेच वरचे स्थान देतो.

त्याच असईला समोर कंपनीच्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली होता. हिंदुस्थानात येताना त्याने ग्रंथांची मोठी पेटी बरोबर आणली होती आणि प्रवासात तो या देशाचा इतिहास, युद्धे आणि कारभार वाचत होता. कोणत्याही शाळेने त्याला हे सांगितले नव्हते. असईच्या दिवशी वाटाडे सांगत होते की केळणा नदीला जवळ उतार नाही. त्याने पाहिले की नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावे आहेत. मग गावकरी एकमेकांकडे जात असणार आणि जात असतील तर उतार असणारच. उतार निघाला आणि लढाईचे रूप पालटले. तुम्ही मावळात हिंडताना नदीच्या दोन काठांवरची गावे पाहाल तेव्हा हे तर्कशास्त्र स्वतः करून पाहण्यासारखे आहे.

स्वतंत्र भारताचा अध्याय जास्त नाजूक आहे, म्हणून तो आदराने पण स्पष्ट वाचावा. वेलिंग्टनचे स्टाफ कॉलेज, महूचे आर्मी वॉर कॉलेज, १९६० पासूनचे दिल्लीचे नॅशनल डिफेन्स कॉलेज अशा चांगल्या संस्था आपल्याकडे आहेत. तिथले शिक्षण सँड मॉडेलभोवती उभे राहून होते, किंवा सैन्य न नेता माळावर जाऊन केलेल्या सरावातून होते. वाळूचे डोंगर, निळ्या भुकटीची नदी आणि एक प्रश्न : तुम्ही या ब्रिगेडचे कमांडर आहात, काय कराल? ही फार उत्तम पद्धत आहे. पण चर्चेच्या शेवटी शिक्षकांचे ठरलेले उत्तर पुढे येते, त्याला ‘डी.एस. सोल्यूशन’ म्हणतात. ते उत्तर आधीच मिळवून पाठ करण्याचा मोह, परीक्षेपुरत्या नेमलेल्या मोहिमांची टिपणे आणि वरिष्ठाच्या गोपनीय अहवालावर टांगलेली बढती यांमुळे वेगळा विचार करणारा अधिकारी जपून बोलू लागतो. ही टीका बाहेरच्यांची नाही, कितीतरी निवृत्त अधिकाऱ्यांनी ती कळकळीने लिहून ठेवली आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण एका मराठी सेनानीचे आहे. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी चीनच्या संभाव्य आक्रमणाचा अभ्यास केला. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा सराव घेऊन चिनी सैन्य कसे येईल आणि आपल्याला काय लागेल हे त्यांनी मांडले. ते मनावर घेतले गेले नाही. १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले आणि १९६२ च्या ऑक्टोबरात ते संकट खरे ठरले. त्या युद्धातल्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल १९६३ मध्ये तयार झाला, पण सरकारने तो अधिकृतपणे प्रसिद्ध केला नाही. ज्या पराभवाचा अभ्यास तरुण अधिकाऱ्याने सर्वांत आधी करावा, त्याचेच मुख्य कागद त्याच्या हाती नाहीत. राष्ट्रीय संरक्षण विद्यापीठाची कल्पना १९६० च्या दशकातली, कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने ती पुन्हा मांडली. मे २०१३ मध्ये हरियाणात बिनोला येथे कोनशिला बसली, पण विद्यापीठ उभे राहिले नाही. जून २०२१ मध्ये युद्धांचे इतिहास आणि जुनी कागदपत्रे ठरावीक काळात खुली करण्याचे धोरण जाहीर झाले, हे मात्र स्वागतार्ह पाऊल आहे.

नव्या वाचकाने या क्षेत्रात कसे शिरावे? ग्रंथांचा ढीग समोर ठेवून नव्हे. आधी त्र्यं. शं. शेजवलकरांचे १९६१ चे पानिपतावरचे पुस्तक घ्यावे, कारण निर्णयांची चिकित्सा कशी करतात हे त्यात दिसते आणि लेखकाशी मतभेद ठेवण्याची मोकळीकही मिळते. मग राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाला लिहिलेली प्रस्तावना घ्यावी. त्यानंतर सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरचा १९२८ चा ग्रंथ वाचावा. मूळ पत्रे पाहायची ओढ लागली तर सरदेसाईंनी संपादिलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड आहेत, पुण्याचे अभिलेखागार आहे आणि भारत इतिहास संशोधक मंडळही आहे.

वाचताना एक पथ्य पाळावे. निकाल माहीत असल्यामुळे हरलेला मूर्ख आणि जिंकलेला शहाणा वाटू लागतो. ते टाळायचे असेल तर प्रत्येक निर्णयापाशी थांबून त्या क्षणी त्या माणसाला काय ठाऊक होते एवढेच लिहून काढावे, कोणी काय सुचवले ते त्याखाली लिहावे आणि ते कोणी का डावलले ते शेवटी. तळेगावच्या ११ जानेवारीच्या रात्रीपासून हा सराव सुरू करता येतो. मावळचा नकाशा घ्या. त्यावर बोरघाट, कुसूर घाट, इंद्रायणी आणि आंद्रा यांच्या खुणा करा. शिधा किती दिवसांचा, घोडदळ कोणत्या बाजूला आणि पुणे किती दूर हे टिपा. मग हार्टलीची बाजू एका कागदावर मांडा आणि दुसऱ्यावर कार्नॅकची, दोन्ही सारख्याच प्रामाणिकपणे.