कंट्रोल चार्ट आणि पुसलेल्या रेघा

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या मुलांच्या कार्यक्रमात एका छोट्याने ‘स्क्रॅच’ या भाषेत काढलेला गणपती दाखवला. कळ दाबली की सोंड हले. टाळ्या झाल्या, मला मात्र माझा पहिला प्रोग्राम आठवला.

पदविका घेऊन दिल्लीत नोकरीला आलो, तेव्हा कंट्रोल ऑफिसात गाड्यांचा चार्ट हाताने काढत. आडवी वेळ, उभी स्थानके. स्थानकाकडून फोनवर वेळ कळली की सेक्शन कंट्रोलर पट्टी ठेवून पेन्सिलीने रेघ ओढे. रेघ जितकी उभी, तितकी गाडी वेगवान. राजधानीची रेघ मालगाडीच्या पसरट रेघेला कुठे गाठणार ते आधीच दिसे, आणि त्याअगोदर मालगाडी लूप लाइनवर घेता येई.

हाच चार्ट संगणकावर काढावा असे मनात आले. तेव्हा व्हिज्युअल बेसिकची सहावी आवृत्ती (१९९८) क्लासमध्ये शिकवत. मूळची बेसिक भाषा १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी नवशिक्यांसाठी केली. अ‍ॅलन कूपर यांनी बनवलेला, खिडक्या-बटणे मांडण्याचा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टने घेतला, त्याला बेसिकची जोड दिली आणि १९९१ साली व्हिज्युअल बेसिक बाजारात आले. जुना प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत धावे. हा मात्र स्वस्थ बसून राही आणि बटण दाबले, माउस हलला की तेवढेच काम करी. आमच्या सिग्नल पॅनेलसारखेच म्हणा ना!

चित्र काढणेही सोपे होते. मुळात इंचाचे १४४० भाग, त्यांना ट्विप म्हणत. पण ‘स्केल’ या आज्ञेने आपले माप ठरवता येई. मी आडवे ० ते २४ तास घेतले, उभे ० ते १४१ किलोमीटर. पडद्यावर उभे माप वरून खाली वाढते, म्हणून वर नवी दिल्ली, खाली मथुरा. दहाला निघून साडेअकराला पोहोचणाऱ्या गाडीसाठी एकच ओळ: लाइन (१०, ०)-(११.५, १४१).

मोठ्या ऐटीत ऑफिसात दाखवायला गेलो. मध्येच दुसरी खिडकी उघडली, बंद केली, तर खालच्या सगळ्या रेघा गायब! एक वयस्कर कंट्रोलर हसून म्हणाले, “बेटा, हमारी पेन्सिल की लकीर तो ऐसे नहीं मिटती.”

चूक माझीच होती. रेघा मी बटणाच्या क्लिकमध्ये काढल्या होत्या. झाकलेला भाग उघडा पडला की तेव्हाचे विंडोज फक्त ‘पेंट’ ही घटना कळवी. पुन्हा काढणे आपले काम. म्हणजे वेळा वेगळ्या साठवायच्या आणि हाक आली की त्यांवरून चार्ट नव्याने काढायचा. ‘ऑटोरीड्रॉ’ चालू ठेवले तर चित्र टिके, पण मेमरी फार खाई. कागदावर रेघ हीच नोंद होती. इथे नोंद वेगळी आणि रेघ वेगळी, हे कळायला मला दोन रात्री लागल्या.

पुढे रेल्वेच्याच ‘क्रिस’ संस्थेची (स्थापना १९८६) कंट्रोल ऑफिस प्रणाली आली आणि वेळ भरली की चार्ट आपोआप उमटू लागला. व्हिज्युअल बेसिक ६ साठीची मायक्रोसॉफ्टची मदत एप्रिल २००८ मध्ये थांबली. माझा प्रोग्राम फ्लॉपीवरच राहिला.

स्क्रॅच २००७ साली एमआयटीतून आले. त्याचा मंच ४८० बाय ३६०, शून्य बरोबर मध्यभागी. कार्यक्रमानंतर मी त्या मुलाला विचारले, “वर दुसरी खिडकी आली तर गणपती पुसला जात नाही का रे?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, “काका, चित्र का पुसेल?”