चिलखती डायनासोर

१. भिवंडीच्या खाणींतला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात डायनासोरची हाडं शोधण्यात अर्थ नाही. ती मिळतात लामेटा नावाच्या गाळाच्या खडकांत : चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला, जबलपूरला. जबलपूरच्या अवशेषांवरून भूवैज्ञानिक मॅटली यांनी १९२३ मध्ये ‘लामेटासॉरस’ हा चिलखती शाकाहारी प्राणी मांडला. पुढे लक्षात आलं, की कमरेची नि पायाची हाडं मांसभक्षकाची आहेत. चिलखताचे तुकडे मात्र बहुधा टायटॅनोसॉरचे, म्हणजे लांब मानेच्या अवाढव्य शाकाहाऱ्याचे. हे तुकडे म्हणजे कातडीतच वाढलेली हाडं. मादागास्करच्या रापेटोसॉरसचं असं एक मोठं हाड आतून पोकळ निघालं. म्हणून काही अभ्यासक त्यांना ढाल न मानता खनिजांचं कोठार मानतात : दुष्काळात किंवा अंडी घालताना कॅल्शियम तिथून घ्यायचं. संपादकाला हेच अधिक पटतं. टायटॅनोसॉरच्या आहाराचा पुरावा पिसदुऱ्याच्या अश्मीभूत विष्ठेत आहे. ती टायटॅनोसॉरची समजली जाते. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांना तीत ताड-माड कुळातल्या व सूचिपर्णी झाडांबरोबर चक्क गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले (२००५). डायनासोर गवत खात, हे त्यामुळे प्रथमच कळलं. — संपा.