संकलित गीतसंच

पूर्वी स्वतंत्रपणे निघालेली जुनी लोकप्रिय गाणी गायक, संगीतकार किंवा दशक यांच्या सूत्राने एकत्र आणणारे ध्वनिमुद्रण म्हणजे संकलित गीतसंच. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. 1948 मध्ये आलेल्या दीर्घवादी तबकडीने, म्हणजे एलपीने, आणि 1963 च्या कॅसेटने असे संच सुलभ केले. सारेगामा या संगीत कंपनीच्या 2017 मधील ‘कारवां’ या यंत्रात 5,000 हिंदी गाणी आधीच भरलेली होती व पुढे त्याची मराठी आवृत्तीही निघाली. पाळ्यांवर चालणाऱ्या कारखान्यांलगतच्या वस्तीत, गाणे निवडत न बसता सलग ऐकता येणे हा या संचांचा मोठा गुण होय. मात्र वादक व संगीत-संयोजक यांची नावे त्यांत बहुधा गळतात, ही उणीव गंभीर आहे.