न्हाणीचं पाणी, केळीचं आळं

उन्हाळा तापला की बागेला नळाचं पाणी घालू नका, अशी सूचना आज शहरांमधून निघते. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या जुन्या घरांना ती कुणी ऐकवली असती तर तिचा अर्थच लागला नसता. आडातून पोहऱ्यानं शेंदलेलं पाणी थेट झाडाच्या बुडात ओतायचं, ही कल्पनाच तिथं चमत्कारिक होती. अपवाद तुळशीचा, तिला तांब्याभर ताजं पाणी, तेही पूजेचं म्हणून. बाकी परसातली केळ, अळू, कर्दळ, पपई माणसांच्या वापरून झालेल्या पाण्यावर वाढायची. या चालीला आता ‘पाण्याचा पुनर्वापर’ असं भारदस्त नाव देऊन ती पूर्वजांच्या शहाणपणाच्या खात्यावर जमा करतात. मला तो हिशेब पटत नाही. पाणी वाहून आणायचे कष्ट आणि घराच्या मागचा उतार या दोन गोष्टींनी ही चाल घडवली, आणि या दोन्ही सुटल्या तेव्हा ती मोडली. शहाणपण बिचारं तेव्हाही जागेवरच होतं.

माळवदाच्या घराची मांडणी पाहिली की हे उमगतं. न्हाणी मागच्या भिंतीला लागून. तिच्या दगडाला परसाकडे किंचित उतार, भिंतीच्या बुडाशी वीतभर भोक, आणि बाहेर मातीत काढलेला बोटभर खोल चर थेट केळीच्या आळ्यात. एक आळं तुडुंब भरलं की चराच्या तोंडाशी मूठभर चिखल थापायचा आणि शेजारचं तोंड फोडायचं. शेतात दारं धरतात तसंच, फक्त परसाच्या मापाचं. डाळ-तांदळाचं धुवण आणि शितं असलेलं पहिलं विसळण गाईम्हशीच्या आंबोणात जायचं, नंतरचं राखेचं पाणी अळूत. यात कुणालाही दुसऱ्यांदा घागर उचलावी लागत नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. पाणी दुसऱ्या कामाला गेलं ते आपल्या पायांनी, म्हणजे उतारानं. बादलीत साठवून, पुन्हा वाहून झाडांना घालावं लागलं असतं तर ही चाल चार दिवससुद्धा टिकली नसती.

कारण पहिल्यांदा वाहून आणणारी बाईच होती आणि ती आधीच थकलेली होती. या जिल्ह्याला त्याचा साक्षीदार शोधायला लांब जायला नको. संत जनाबाई गंगाखेडची, गोदाकाठची. पुढं पंढरपुरात नामदेवांच्या घरची दासी. तिच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठल येतो तो दळायला, शेणी वेचायला, पाणी भरायला. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या कष्टकरी बाईला देवाकडं काय मागावंसं वाटलं, तर घागरीला आणखी एक हात. पाण्याची किंमत तिथं ठरत होती. आणि आड सगळ्यांना सारखा खुलाही नव्हता. अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांना सवर्णांच्या पाणवठ्याला शिवता येत नव्हतं. कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी. तिथं पाण्याची जी काटकसर होती तिला संस्कृती म्हणणं ही क्रूर थट्टा आहे. जुन्या परसबागेचे गोडवे गाताना मागं ऐसपैस परस कुणाला होतं हे विचारायलाच हवं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. किंबहुना माझा मुद्दा त्यानं पक्काच होतो. ज्यांच्याकडं पाणी सर्वांत कमी, त्यांच्याकडं बागही नव्हती. टंचाईतून पुनर्वापर आपोआप उगवत नाही.

आकडेही हेच सांगतात. राज्यात टंचाईच्या काळात ग्रामीण भागाला टँकरनं पाणी देताना माणशी रोज २० लिटरचा निकष धरतात. पाच माणसांच्या घराला १०० लिटर. पिणं-रांधणं वजा करून न्हाणी-मोरीतून साठेक लिटर बाहेर पडतं असं धरू. भर उन्हाळ्यात केळीच्या एका झाडाला रोज १५ ते २० लिटर लागतात. म्हणजे झाडं तीन, आणि चरातली गळती धरली तर दोन. जुन्या परसात केळीची दोन-तीनच खुंटं असायची ती काही सौंदर्यदृष्टीनं नव्हे. घरात किती घागरी येतात याची ती नोंदवही होती. आता दुसरी बाजू पाहा. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचं माप माणशी ५५ लिटरचं. त्याच घराला २७५ लिटर, आणि पुरवठ्याच्या ८० टक्के पाणी सांडपाणी होतं हा अभियंत्यांचा नेहमीचा ठोकताळा लावला तर २२० लिटर, म्हणजे दहाएक केळींची बेगमी. कागदावर पाणी जवळपास तिप्पट झालं आणि केळ अंगणातून गेली.

ती का गेली याचं एक उत्तर साबणात आहे. न्हाणीचं पाणी घाणेरडं, ते झाडांना कसं चालेल, असा प्रश्न नेहमी येतो, आणि तो चुकीचा नाही. शिकेकाई, रिठा, डाळीचं पीठ आणि चुलीची राख यांच्या पाण्यानं अळूचं काही बिघडत नव्हतं. राखेत तर पालाश असतं, ते पिकाचं अन्नच. सन १९६९ मध्ये अहमदाबादेत निरमा सुरू झाली आणि पुढच्या दोन दशकांत धुण्याची स्वस्त पावडर खेड्यापाड्यांत पोचली. त्या पाण्यात सोडियम. परभणीची जमीन काळी, चिकणमातीची. ओल धरून ठेवणारी, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. अशा मातीत सोडियम साचत गेला की तिचे कण सुटतात, ती चोपण होते, पाणी मुरेनासं होतं. तेव्हा जुना चर जसाच्या तसा परत आणा असं म्हणणाऱ्यानं आधी धुण्याचं पाणी आंघोळीच्या पाण्यापासून वेगळं काढायची सोय सांगावी.

पण साबण हे निम्मंच कारण. खरा बदल १९७२ च्या दुष्काळापासून सुरू होतो. दुष्काळानंतर विंधनविहिरी आणि हातपंप गावोगाव आले, देशभर गेलेल्या इंडिया मार्क दोन पंपाच्या घडणीत शेजारच्या जालन्यातल्या पंपाचाही वाटा आहे. आड परसात होता, हातपंप चौकात. धुणं-भांडी चौकात गेली आणि त्यांचं पाणीही. मग नळ आला, घागरीचं ओझं उतरलं. ते उतरायलाच हवं होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण ओझ्याबरोबर पाण्याचा भावही उतरला. पाठोपाठ सिमेंटचे रस्ते आणि कडेच्या नाल्या आल्या. न्हाणीचा उतार मागून पुढं फिरला, घराची पाठ रस्त्याकडं झाल्यासारखी. शेवटी घरकुल: प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. तेवढ्यात माणसंच बसवायची असतात. परस कुठून आणणार? कायद्याचं लक्षही पाणी वर कुठून येतं याकडं. १९९३ च्या भूजल कायद्यानं सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला मनाई केली, टंचाईत शेजारच्या विहिरींच्या उपशावर निर्बंध घालायचा अधिकार दिला. वापरलेलं पाणी कुठं जातं हे त्यानं विचारलं नाही.

तो प्रश्न अखेर विचारला गेला तो बागेसाठी नव्हे, डासांसाठी. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे घेऊन उघड्या नाल्या बंद केल्या, आणि डासमुक्त गाव म्हणून त्याचा गवगवा झाला. पुढं रोजगार हमीतून त्यासाठी पैसे मिळू लागले. २०२१ मध्ये केंद्रानं ‘सुजलाम’ मोहिमेत देशभर दहा लाख शोषखड्ड्यांचं लक्ष्य ठेवलं. या कामाची टर उडवायचं कारण नाही. हिवताप-डेंगीनं पोळलेल्या गावाला केळीपेक्षा कोरडी गल्ली प्यारी असणारच. तरीही परभणीच्या काळ्या मातीत हा खड्डा थोडा अडतो. मुरमाड जमिनीत पाणी सहज खाली उतरतं. चिकणमातीत हळू मुरतं, साबणाच्या मळीनं खड्डा लवकर तुंबतो, आणि उपसून दगडगोटे धुवायचं काम पुन्हा घरातल्या बाईच्याच वाट्याला येतं. केळीची गोष्ट वेगळी. तिची मोठाली पानं मुळाशी आलेलं पाणी उचलून हवेत सोडतात. म्हणजे केळ हा वरच्या दिशेनं चालणारा शोषखड्डाच, आणि शिवाय घड देणारा. म्हणून खड्डा घेतला तरी त्याच्या काठाला केळीचं एक खुंट लावावं, त्याला हातभर जागा पुरते. घरकुलाच्या नकाशात मोरीची नळी कुठल्या भिंतीतून बाहेर काढायची, हे ज्या दिवशी गवंडी ठरवतो, त्याच दिवशी त्या खुंटाचंही ठरतं.